हायकूतला ऋतू कुणाचा?

हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तो ६ ऑगस्ट १९४५ रोजी आणि नागासाकीवर पडला ९ ऑगस्टला. दोन्ही शहरांत तेव्हा ऐन उकाडा होता. मात्र जपानी कवींच्या हाताशी असणारा ऋतुशब्दांचा कोश, ज्याला ते ‘साइजिकी’ म्हणतात, तो उघडला तर त्याच्या अनेक आवृत्त्यांत हिरोशिमाचा स्मृतिदिन ग्रीष्माच्या अखेरीला सापडतो आणि नागासाकीचा शरदाच्या आरंभाला. या कोशाच्या हिशेबाने शरद ऋतू सुरू होतो तो ‘रिश्शू’ या दिवशी, म्हणजे ७ किंवा ८ ऑगस्टला. दोन बॉम्बच्या मधल्या तीन दिवसांत ऋतू पालटलेला असतो.

एकाच संहाराचे दोन भाग असे दोन ऋतूंत वाटले गेले, ही केवळ पंचांगाची तांत्रिक बाब आहे असे म्हणून पुढे जाता येईल. मला तसे पुढे जाववत नाही. शरदाच्या त्याच पानांवर दवबिंदू आहेत, आकाशगंगा आहे, पितरांसाठी दिवे लावण्याचा ओबोनचा सण आहे, संध्याकाळी खिन्न स्वरात ओरडणारा ‘हिगुराशी’ नावाचा किडा आहे. नागासाकीवर हायकू लिहिणारा कवी, त्याची इच्छा असो वा नसो, या सगळ्यांच्या शेजारी जाऊन बसतो. हिरोशिमावर लिहिणाऱ्याच्या वाट्याला मात्र ग्रीष्माचे डोळे दिपवणारे ऊन येते. ऋतू इथे नुसता हवेचा राहत नाही. तो स्मृतीचा होतो, आणि ती स्मृती एका माणसाची नसून हजार-बाराशे वर्षे कविता लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या समाजाची असते.

हायकू म्हणजे निसर्गकविता, आणि ऋतुशब्द म्हणजे त्या निसर्गाचे एखादे लहानसे चित्र, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते तो अपुरा आहे. ऋतुशब्द हा आधी करार आहे. कोणत्या शब्दाने कोणता ऋतू उभा राहील, हे कवी आणि वाचक यांनी आपसांत ठरवून घेतलेले आहे. ते ठरलेले आहे म्हणूनच पाच-सात-पाच अशा सतरा ध्वनींत कविता मावते.

‘किगो’ ही संज्ञा तशी नवी, १९०८ च्या सुमाराला ओसुगा ओत्सुजी या कवी-समीक्षकाने रूढ केलेली. रिवाज मात्र कितीतरी जुना आहे. मध्ययुगात कवी एकत्र बसून ‘रेंगा’ नावाची साखळी-कविता रचत. एकाने कडवे म्हणावे, दुसऱ्याने त्याला पुढचे जोडावे, असे ते चाले. या साखळीच्या पहिल्या कडव्याला ‘होक्कू’ म्हणत, आणि त्यात ती बैठक ज्या ऋतूत भरली असेल त्या ऋतूचा उल्लेख असलाच पाहिजे असा दंडक होता. आजचा हायकू म्हणजे साखळीतून सुटून स्वतंत्र झालेला होक्कू. तेव्हा ऋतुशब्दाचा उगम रानावनात एकट्याने हिंडणाऱ्या कवीपाशी शोधण्यात अर्थ नाही. तो एका बैठकीच्या रीतीत आहे. आपण आज, इथे, या हवेत जमलो आहोत, हे सर्वांच्या वतीने नोंदवणे ही त्या पहिल्या कडव्याची जबाबदारी होती. पुढच्या कडव्यांनाही नियम होतेच. छत्तीस कडव्यांच्या ‘कासेन’मध्ये फुलाच्या दोन आणि चंद्राच्या तीन जागा ठरलेल्या असत.

पण फूल कोणते आणि चंद्र कोणत्या महिन्यातला? इथे कराराचे खरे रूप दिसते. नुसते ‘फूल’ म्हटले की ते साकुराचे, म्हणजे चेरीचे, म्हणून वसंतातले. नुसता ‘चंद्र’ म्हटला की तो शरदातला. चंद्र बारा महिने उगवतो, पण उन्हाळ्यातला चंद्र हवा असेल तर ‘उन्हाळी चंद्र’ असे वेगळे म्हणावे लागते. हरणाचे ओरडणे शरदाचे, बेडूक वसंताचा, मांजरांचा प्रणयही वसंताचाच.

हे ठरवले कुणी? याचे उत्तर मोठ्या प्रमाणात क्योतोच्या दरबाराकडे जाते. दहाव्या शतकाच्या आरंभी सम्राटाच्या आज्ञेने ‘कोकिनशू’ हा काव्यसंग्रह सिद्ध झाला. त्यातल्या ११११ कवितांपैकी पहिल्या सहा खंडांतल्या ३४२ कविता ऋतूंवर आहेत. त्यांची वाटणी पाहावी: वसंताच्या १३४, ग्रीष्माच्या ३४, शरदाच्या १४५ आणि हिवाळ्याच्या अवघ्या २९. क्योतो डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसले आहे. तिथला उन्हाळा दमट आणि असह्य असतो, हिवाळा हाडांत शिरणारा असतो. जे ऋतू शरीराला सर्वांत जास्त छळतात त्यांना कवितेत सर्वांत कमी जागा मिळाली, आणि जे सुखद पण चार दिवसांचे पाहुणे, त्यांनी संग्रह भरून गेला. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर महिनोन्‌महिने बर्फाखाली राहणाऱ्या शेतकऱ्याला कुणी विचारले असते तर त्याने ही वाटणी नक्कीच वेगळी केली असती. त्याला कुणी विचारले नाही. एका राजधानीतल्या थोड्या माणसांनी आपल्या अंगणातल्या हवेचे माप साऱ्या देशाला लावले, आणि पुढे देशानेही ते आपले म्हणून स्वीकारले. हायकूवर मनापासून प्रेम करणाऱ्यानेही हे विसरू नये.

पण दरबारी कृत्रिमता म्हणून मला हे सारे बाजूला सारता येत नाही, कारण या परंपरेने ऋतू न्याहाळताना दाखवलेली सूक्ष्मता फार थोड्या साहित्यांत आढळते. दिवस-रात्रीच्या लांबीचे चार ऋतुशब्द घ्या. ‘लांब दिवस’ हा शब्द वसंताचा आहे, ‘तोकडी रात्र’ ग्रीष्माची, ‘लांब रात्र’ शरदाची आणि ‘तोकडा दिवस’ हिवाळ्याचा. खगोलशास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये येतो, सर्वांत मोठी रात्र डिसेंबरमध्ये. पण माणसाला दिवस मोठा झाल्याचे कळते ते कधी? हिवाळा सरल्यावर एखाद्या संध्याकाळी काम आटोपून बाहेर यावे आणि अजून उजेड आहे हे पाहून थबकावे, तेव्हा. जूनमध्ये त्या उजेडाची सवय झालेली असते. तेव्हा जाणवते ती झोप पुरी व्हायच्या आत उजाडणारी तोकडी रात्र. ‘गारवा’ हा शब्दही असाच. तो हिवाळ्याचा नाही, ग्रीष्माचा आहे, कारण तापलेल्या दिवसात अचानक आलेली झुळूकच गार लागते. थंडीत सगळेच गार, तिथे गारव्याचे वेगळे सुख कुठून येणार? निसर्गात काय घडते याची नोंद हवामानखाते ठेवते. माणसाला ते पहिल्यांदा केव्हा जाणवते, याची नोंद ऋतुशब्दांनी ठेवली.

करार असला म्हणजे तो मोडताही येतो, आणि मोडण्याला अर्थ येतो तो करार सर्वांना पाठ असतो म्हणून. कवी बाशोचा १६८६ मधला जुन्या तळ्याचा आणि बेडकाचा हायकू जगभर पोचला आहे. पण त्याच्या काळच्या वाचकाला त्यातून काय मिळाले असेल, हे बेडकाचा करार ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. जुन्या कवितेत बेडूक म्हणजे त्याचा आवाज. ‘कोकिनशू’च्या प्रस्तावनेपासून तो गाणारा प्राणी होता, आणि त्याची जोडी ‘यामाबुकी’ नावाच्या पिवळ्या फुलांशी ठरून गेली होती. बाशोचा शिष्य शिको याने लिहून ठेवले आहे की, बेडकाची ओळ सुचल्यावर पहिली ओळ काय घ्यावी असा प्रश्न आला तेव्हा किकाकु या दुसऱ्या शिष्याने यामाबुकी सुचवली. परंपरेला धरून ती सूचना अगदी योग्य होती. बाशोने ती घेतली नाही. त्याने साधे जुने तळे घेतले. बेडकाला गायला लावले नाही. आवाज झाला तो पाण्याचा. वाचक गाण्याची वाट पाहत असताना हे घडते, म्हणून त्या कवितेत शांतता भरते. परंपरा ठाऊक नसलेल्या माणसालाही ती कविता आवडते, यात नवल नाही, पण तिचा अर्धा आवाज त्याच्या कानापर्यंत पोचत नाही.

ऋतुशब्दांच्या संग्रहांना सतराव्या शतकापासून बहर आला. बाशोचे गुरू किगिन यांनी १६४८ मध्ये असा एक ग्रंथ सिद्ध केला. १८०३ मध्ये कादंबरीकार बाकिनने केलेला कोश पुढे विस्तारला गेला आणि फार वापरला गेला. या कोशांची कल्पना मूळची चिनी आहे, आणि कितीतरी शब्दही चीनमधून आलेले. वसंतात डोंगर हसतात आणि हिवाळ्यात झोपतात, या जपानी हायकूच्या लाडक्या कल्पना अकराव्या शतकातल्या गुओ शी या चिनी चित्रकाराच्या विचारांतून आल्या आहेत. झोपाळा हा वसंताचा शब्द झाला तोही एका चिनी प्रथेमुळे.

साइजिकी चाळताना मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतो तो माणसांच्या जगण्याचा विभाग. ऋतुमान, आकाश, भूमी, सण-विधी, प्राणी, वनस्पती यांच्या बरोबरीने तो असतो, आणि त्यात काय नसते! बिअर ग्रीष्माची, पंखा ग्रीष्माचा, दिव्यांच्या झोतात रात्री खेळल्या जाणाऱ्या बेसबॉलच्या सामन्यांना जपानी माणसे ‘नायटर’ म्हणतात, तेही ग्रीष्माचे. साबणाचे फुगे वसंताचे. स्वेटर हिवाळ्याचा, सर्दी हिवाळ्याची, आणि तोंडावर लावायचा मास्कही हिवाळ्याचाच. २०२० नंतर सगळा देश बारा महिने मास्क लावून फिरू लागला, तेव्हा या शब्दापाशी हायकू लिहिणारे अडखळले असतील यात शंका नाही. पण विजेच्या पंख्याला आणि बेसबॉलला जागा देणारी परंपरा संग्रहालयातली नाही, एवढे तरी यातून दिसते. बाशोचा शिष्य क्योराई सांगतो की, एक जरी नवा ऋतुशब्द कुणी शोधून काढला तरी ती पुढच्या पिढ्यांना मोठी देणगी ठरेल असे त्याच्या गुरूचे मत होते.

माणसे स्वतःच ऋतू होतात, हेही याच विभागांच्या आसपास घडते. कवी-लेखकांच्या पुण्यतिथी ऋतुशब्द म्हणून स्वीकारल्या जातात. बाशो १६९४ मध्ये जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात गेला, हिवाळ्याच्या तोंडावर अधूनमधून पडणाऱ्या ‘शिगुरे’ नावाच्या बारीक सरींच्या दिवसांत. या सरी त्याला प्रिय होत्या, म्हणून त्याच्या पुण्यतिथीला ‘शिगुरे-की’ म्हणतात. मासाओका शिकी याने आधुनिक हायकूला ते नाव दिले आणि क्षयाने अंथरुणाला खिळून, तोक्योतल्या आपल्या घराच्या बागेकडे पाहत लिहीत राहिला. १९ सप्टेंबर १९०२ रोजी, पस्तिसाव्या वाढदिवसाला महिनाही उरला नसताना तो गेला. त्याच्या अखेरच्या कवितांत घोसाळ्याच्या जातीची ‘हेचिमा’ येते, तिच्या वेलाचा रस कफावर औषध म्हणून देत. त्याची पुण्यतिथी ‘हेचिमा-की’ या नावाने शरदात नोंदली जाते. आकुतागावाची पुण्यतिथी २४ जुलैला, त्याच्या ‘कप्पा’ या कथेवरून ‘कप्पा-की’ म्हणून ग्रीष्मात. पुतळा उभारण्यापेक्षा मला ही स्मरणाची रीत अधिक सुसंस्कृत वाटते. दरवर्षी तो पाऊस पडतो, दरवर्षी तो वेल मांडवावर चढतो.

या कराराला आव्हान देणारेही निघाले. शिकीच्या पश्चात त्याचा शिष्य ताकाहामा क्योशी याने ‘होतोतोगिसु’ या मासिकातून ऋतुशब्द आणि पाच-सात-पाच यांचा आग्रह धरला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा शब्द जवळजवळ कायदा झाला. दुसऱ्या वाटेने सेइसेन्सुई आणि त्याचा शिष्य, भिक्षू होऊन गावोगाव पायी फिरणारा सान्तोका, यांनी मापही सोडले आणि ऋतूचे बंधनही. १९३० च्या दशकात ‘नव्या हायकू’ची चळवळ उभी राहिली. चीनमध्ये युद्ध पेटले होते. युद्धाला ऋतू नसतो, मग त्यावरच्या हायकूत तो का हवा, असा प्रश्न तरुण कवींनी विचारला आणि वातानाबे हाकुसेनसारख्यांनी ऋतुशब्दावाचूनचे युद्धहायकू लिहिले. फेब्रुवारी १९४० पासून ‘क्योदाई हायकू’ या नियतकालिकाच्या कवींना विचारांवर पाळत ठेवणाऱ्या पोलिसांनी अटक करायला सुरुवात केली. सतरा ध्वनींच्या कवितेची एका सत्तेला भीती वाटली.

हे कवी मला बरोबर वाटतात. मरणाऱ्या सैनिकाशेजारी एखादे फूल ठेवून त्या मरणाला शोभा आणणे, हा ऋतुशब्दाचा सर्वांत वाईट उपयोग आहे, आणि त्या काळात तो झालाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्यांच्या ऋतुहीन हायकूंची धार ऋतूच्या अपेक्षेतूनच येते. वाचक सवयीने ऋतू शोधतो, त्याला तो सापडत नाही, आणि ती रिकामी जागाच युद्धाबद्दल बोलते. करार नसता तर ही जागा रिकामी दिसलीच नसती.

करार दुसऱ्या भूमीवर नेला तर काय होते, याचा धडा ब्राझीलने दिला. १८ जून १९०८ रोजी ‘कासातो मारू’ ही बोट जपानी मजुरांची पहिली मोठी तुकडी घेऊन सांतोस बंदराला लागली. कॉफीच्या मळ्यांवर राबायला आलेल्या या माणसांच्या सामानात हायकूही होता. १९२७ मध्ये क्योशीचा शिष्य सातो नेन्पुकु तिथे गेला आणि त्याने आयुष्यभर वसाहती-वसाहतींतून हायकू शिकवला. पण तिथे जून म्हणजे हिवाळा, आणि नवे वर्ष भर उन्हाळ्यात. कोश जवळ ठेवून डोळे मिटायचे, की डोळे उघडून नवा कोश करायचा? त्यांनी दुसरी वाट धरली. इपे वृक्षाचा बहर ऋतुशब्द झाला. पुढे पोर्तुगीजमध्ये हायकू लिहिणाऱ्यांसाठी मासुदा गोगा आणि तेरुको ओदा यांनी १९९६ मध्ये ब्राझीलच्या ऋतुशब्दांचा कोश प्रसिद्ध केला. क्योतोच्या दरबाराने जे देशावर लादले होते, ते इथे सामान्य माणसांनी आपल्या हातांनी पुन्हा घडवले. ऋतुशब्दांच्या इतिहासातली ही मला सर्वांत आश्वासक घटना वाटते.

खुद्द जपानातही पंचांग आणि हवा यांची फारकत नवी नाही. १ जानेवारी १८७३ पासून देशाने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली, आणि दोन ताऱ्यांच्या भेटीचा तानाबाता हा सण बहुतेक ठिकाणी ७ जुलैला, ऐन पावसाळ्यात आला. आकाश ढगांनी झाकलेले असते, तरी कोशात तो शरदाचाच आहे. पण आताची फारकत पंचांगाने घडवलेली नाही. क्योतोतल्या साकुराच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत, दरबाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशांतून गोळा केलेल्या. २०२१ मध्ये तो बहर २६ मार्चला भरात आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्याच वर्षाच्या आरंभी जपानच्या हवामानखात्याने एक निर्णय अमलात आणला. ऋतूंच्या खुणा म्हणून ते १९५३ पासून ३४ वनस्पती आणि २३ प्राण्यांची निरीक्षणे ठेवत असे. त्यांपैकी सहा वनस्पती ठेवून बाकी सगळी बंद झाली. प्राणी एकही उरला नाही. वसंताची वर्दी देणाऱ्या ‘उगुइसु’ पक्ष्याची पहिली साद कधी ऐकू आली, हे त्या यादीतून गेले. शहरे वाढली, पक्षी आणि किडे निरीक्षणकेंद्रांच्या आसपास सापडेनासे झाले, हे त्यामागचे मुख्य कारण होते.

उगुइसु कोशात आहे, पुढेही राहील. पण ज्या मुलाने तो कधी ऐकला नाही त्याने तो शब्द वापरला, तर ती कविता पोशाख घातल्यासारखी होईल. ऋतुशब्दाचे दोन पाय आहेत, एक स्मृतीत आणि एक कानात. कानातला निसटला की स्मृतीतल्यावर फार काळ उभे राहता येत नाही. म्हणून ज्यांना हायकू टिकावा असे वाटते त्यांना आता पक्षी, ओढे आणि भाताची खाचरे टिकण्यासाठीही बोलावे लागेल. कविता आणि पर्यावरण हे वेगळे विषय उरलेले नाहीत.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. त्यांच्यामुळे तीन ओळींचा हा प्रकार आपल्याकडे शेकडो लोकांच्या हातात गेला, ही मोठीच गोष्ट आहे. आपल्या हायकूत तीन ओळी आल्या, पुष्कळदा यमक आले, निसर्गही आला. ऋतूचा करार मात्र आला नाही, आणि जपानी शब्द उसने घेऊन तो येणारही नाही. साकुराचे आपल्याला काय! आपल्यापाशी ऋतू नाहीत असे थोडेच आहे? मृगाचा किडा आहे, ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा पावशा आहे, वळीव आहे, हस्ताचा गडगडाट आहे, हुरडा आहे, शिमग्याच्या सुमाराचा पळस आहे, पावसाआधी सह्याद्रीच्या झाडांवर लखलखणारे काजवे आहेत, नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटल्या जाणाऱ्या होड्या आहेत. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिने कसे पाहावेत हे दाखवून ठेवले आहे. यातला प्रत्येक शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात सारखाच दिवस उभा राहतो. करार तयार आहे, तो फक्त कुणी लिहून काढलेला नाही.

तो लिहून काढावा, आणि क्योतोने केलेली चूक टाळून काढावा. पुण्या-मुंबईचा पाऊस साऱ्या महाराष्ट्राच्या माथी मारू नये. कोकणाचा वेगळा, विदर्भाचा वेगळा, मराठवाड्याच्या कोरड्या आषाढाचाही वेगळा कोश व्हावा. हायकू लिहिणाऱ्यांनी, शाळेतल्या शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी, पक्षी पाहणाऱ्यांनी आपापल्या गावचे शब्द तारखांसकट टिपून ठेवावेत. पावशा यंदा कधी ओरडला, पळस कधी फुलला, हे वहीत नोंदवायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्यांना हे शब्द तोंडपाठ आहेत ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. तिच्यापाशी जाऊन बसायचे ते याच वर्षी.